गोधडी, माइक आणि चाळीस हजार

पहिला माइक मी घेतला तो डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात. चांगला कंडेन्सर माइक, साडेनऊ हजारांचा. गल्लीतल्या भजनी मंडळाच्या काकांना बोलावलं, दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि एक अभंग रेकॉर्ड केला. हेडफोन लावून ऐकायला बसलो. काकांचा आवाज झकास आला होता. त्या आवाजामागे समोरच्या घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, आमच्या फ्रिजची घरघर होती आणि दुसऱ्या कडव्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर टेपवरच्या गाण्यासकट जवळ येऊन, गल्लीच्या तोंडाशी गिअर बदलून, निघून गेला होता. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा ट्रॅक्टरच सुरात आलाय की रं."

माइक वाईट नव्हता. माझा खरेदीचा क्रम चुकला होता. सांगली-साताऱ्याकडची बरीच मंडळी आता घरी रेकॉर्डिंग करायला बघतात. कुणाला आपली शाहिरी यूट्यूबवर टाकायची असते, कुणाला आईचं भजन जपून ठेवायचं असतं, कुणाला हळदीची गाणी करून चार पैसे मिळवायचे असतात. त्यातले बहुतेक जण मी चुकलो तिथेच चुकतात. हा लेख त्यांच्यासाठी. घरात बरा लॅपटॉप आहे असं धरतो, आणि त्यापलीकडे हाताशी चाळीस हजार रुपये आहेत असं धरतो. खाली दिलेल्या किमती ढोबळ आहेत, घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

खिशात हात घालण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: एका वेळी किती जणांचं रेकॉर्डिंग करायचंय? इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक परदेशी बँडवाल्यांचे असतात. त्यांचा ड्रमसेट असतो आणि त्यालाच आठ माइक लागतात. आपल्याकडे गाणारा एक, बाजा एक, तबला किंवा पखवाज एक, फार तर टाळ. त्यातही साथ आधी आणि गळा नंतर असं वेगवेगळं करता येतं. म्हणजे एका वेळी दोन माइक भरपूर झाले. आठ चॅनेलचा मिक्सर घेऊन त्याची सहा भोकं रिकामी ठेवणारे तीन जण माझ्या ओळखीचे आहेत. तिघांचेही मिक्सर आता सोफ्याशेजारी टीपॉयसारखे वापरात आहेत.

मंडळ मोठं असेल तर जुन्या लोकांची युक्ती घ्यावी. पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या. तेव्हा माइक नव्हताच. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं ते १९२५ च्या सुमारास. त्याआधी गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, साथीदारांनी आपापल्या आवाजाच्या जोराप्रमाणे मागे-पुढे बसायचं, आणि तीन-साडेतीन मिनिटांत तबकडीची बाजू संपायच्या आत राग आटपायचा. चूक झाली तर तबकडी फुकट. मिक्सिंग करायला अंतराशिवाय दुसरं साधन नव्हतं. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी आजही असंच करतो. देवळाच्या सभामंडपात दोन माइक लावायचे, मुख्य गाणारा हातभर अंतरावर, धरकरी चार-पाच हात मागे, आणि टाळवाले त्याच्याही मागे, पार खांबाजवळ. टाळ पुढे घेतले तर बाकी कुणीच ऐकू येत नाही, हे एकदा करून बघितलं की कायमचं लक्षात राहतं.

आता खोली. चाळीसातले पहिले पाच-सहा हजार इथे घालायचे. दुकानदार हे सांगणार नाही, कारण खोली त्याच्या दुकानात विकायला नसते.

दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं वेगळं आणि आतला आवाज घुमू न देणं वेगळं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, भिंत जाड लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर निम्मं काम पूर्वजांनी करून ठेवलंय. त्या दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती आजच्या चार इंची विटेच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त आवाज अडवतात. नवीन फ्लॅटमध्ये असाल तर दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा, खिडकी नसलेली किंवा एकच खिडकी असलेली खोली निवडा, आणि वेळ निवडा. वेळ हे फुकटचं साधन आहे. ऊस चालू असताना दुपारी रेकॉर्डिंग करायच्या भानगडीत पडू नका. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात गळा लावायचाच नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या मंडळींनी जून ते सप्टेंबर हे महिने मिक्सिंगला ठेवावेत.

घुमणं ही दुसरी गोष्ट. खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीच्या मागून 'टर्रर्र' अशी बारीक थरथर ऐकू आली, तर ती थरथर प्रत्येक सुराला चिकटून येणार. माइक पन्नास हजारांचा घेतला तरी ती तो इमानेइतबारे टिपणार. यावर लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने भिंतीची शोभा जाते, बाकी काही होत नाही. एक इंची फोमनेही वरच्या पट्टीतला चटचटाट तेवढा जातो, खालचा घुमार तसाच राहतो आणि आवाज डब्यात कोंडल्यासारखा होतो.

आपल्याकडे प्रत्येक घरात एक उत्तम साधन असतं. गोधडी. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर घालून शिवलेली जाड वाकळ असेल तर फारच छान. ती कुठे टांगायची यात मात्र जवळजवळ सगळे चुकतात. माइकच्या मागे टांगतात. गाण्यासाठी आपण वापरतो तो माइक समोरून ऐकतो आणि पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. त्याला दिसतो गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी, भिंतीपासून वीतभर सुटी, आणि दोन्ही खांद्यांच्या बाजूला एकेक. कपडे वाळत घालायचा स्टँड यासाठी फार सोयीचा. काम झालं की घडी घालून माळ्यावर.

पाच-सहा हजार ज्यासाठी काढलेत ते रॉकवूलसाठी. साखर कारखान्यात वाफेच्या पाइपांभोवती गुंडाळतात तसलीच ही खनिज लोकर. दोन फूट बाय चार फुटांच्या पाट्या मिळतात, जाडी ५० मिलिमीटर, घनता ४८ किलोची मागा. एसी आणि इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्यायच्या, आत लोकर बसवायची, वरून सुती कापड ताणायचं. पाच-सहा चौकटी पुरतात. भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोन इंच सोडून टांगल्या तर खालचे सूरही जास्त शोषले जातात. लोकर हाताळताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. कापड कसं निवडायचं? तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर ते चालेल.

खोली झाली की माइक. कंडेन्सर की डायनॅमिक, हा वाद तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा रंगतो. कंडेन्सरला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याला बारीकसारीक सगळं ऐकू येतं. डायनॅमिकला तो पुरवठा लागत नाही आणि त्याला कमी ऐकू येतं. माझं मत सरळ आहे: घर रस्त्यालगत असेल, वर पत्रा असेल, घरात माणसं असतील, तर पहिला माइक डायनॅमिक घ्या. शुअरचा एसएम ५७ आला १९६५ साली आणि एसएम ५८ त्याच्या पुढच्या वर्षी. साठ वर्षं तेच माइक जगभर चाललेत. नऊ ते अकरा हजारांच्या दरम्यान मिळतात आणि हातातून पडले तरी सहसा काही होत नाही. डायनॅमिकमध्ये जादू काही नाही. त्याच्याजवळ, चार बोटांवर तोंड नेऊन गायचं असतं, त्यामुळे गेन कमी लागतो आणि कमी गेनमध्ये ट्रॅक्टरही लहान होतो. इतक्या जवळून गाताना खर्ज थोडा फुगतो, तो नंतर कापता येतो.

याच माइकच्या नकलाही बाजारात सर्वात जास्त आहेत. दोन हजारांत 'ओरिजिनल' देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पक्कं बिल, वॉरंटी कार्ड आणि अधिकृत विक्रेता, या तीन गोष्टींवर अडून बसा.

घेण्याआधी वापरून बघायची सोय आपल्या प्रत्येक गावात आहे, फक्त ती कुणाला सुचत नाही. लग्नसराई नसताना मंडप-साउंडवाल्याकडे जा. त्याच्याकडे चार प्रकारचे माइक पडलेले असतात. दिवसाचं भाडं देऊन एक-दोन घरी आणा आणि आपल्याच गळ्यावर, आपल्याच खोलीत लावून बघा. केबलही त्याच्याचकडून करून घ्या. चांगली वायर आणि चांगले एक्सएलआर कनेक्टर आणून दिले तर तो समोर बसून डाग देतो, आणि तुटली तर पुन्हा दुरुस्त करायला तोच असतो. ऑनलाइन आलेली केबल सहा महिन्यांत किरकिर करायला लागली की तिला कुणी वाली नसतो.

कंडेन्सर कधी घ्यायचा? खोली खरोखर शांत असेल, आणि तंतुवाद्य टिपायचं असेल तेव्हा. इथे मला मिरजेबद्दल थोडं बोललंच पाहिजे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एके काळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही वाद्यं घडवायला घेतली आणि मिरजेचा तानपुरा देशभरच्या गवयांच्या मांडीवर गेला. आणि त्याच मिरजेपासून दहा किलोमीटरवरची पोरं रेकॉर्डिंगला मोबाइलमधला तानपुरा लावतात. वेळेला ठीक आहे, रियाजाला तर फारच सोयीचा. पण रेकॉर्डिंगला एकदा तरी खरा तानपुरा लावून बघा. माइक भोपळ्यावर रोखू नका, तिथे नुसता घुमार मिळतो. घोडीच्या जरा वर, दीड-दोन वितींवर माइक धरा आणि थोडा तिरका करा. जवारी जिथे जन्मते ती जागा तीच. हेडफोन लावून बसा आणि दुसऱ्याला माइक बोटभर इकडेतिकडे सरकवायला सांगा. एका जागी सूर एकदम उमलतो. ती जागा सापडली की स्टँडखाली जमिनीवर खडूने खूण करून ठेवा. आठ ते दहा हजारांतल्या ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० सारख्या माइकवर हे काम व्यवस्थित होतं. दोन-पाच मिनिटांचा स्वच्छ तानपुरा आपल्या पट्टीत, काळी एक असो की पांढरी चार, रेकॉर्ड करून ठेवला की वर्षभर पुरतो.

पेटीला माइक भात्याच्या बाजूने लावू नका, फुस्‌फुस्‌ येते. वरून, हातभर उंचीवरून चांगला येतो. तबल्याला एकच माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये, फूटभर वर, किंचित दायाकडे झुकलेला.

हलगी हा वेगळाच प्रकार. ती खोलीत वाजवली की कानही फुटतात आणि रेकॉर्डिंगही फुटतं. हलगी, ढोल, गजीनृत्याचा मोठा बाज हे सगळं उघड्यावर वाजवायसाठीच जन्मलंय, तर उघड्यावरच टिपा. संध्याकाळी वारा पडल्यावर मोकळं रान किंवा खळं गाठा. तिथे भिंत नाही म्हणून घुमणं नाही. फुकटात मिळणारी इतकी चांगली रेकॉर्डिंगची जागा शहरातल्या स्टुडिओवाल्यांनाही मिळत नाही. डायनॅमिक माइक चार-पाच हात लांब, त्यावर फोमची टोपी, आणि हलगी शेकून ताणून झाल्यावरच लेव्हल लावायची. थंड हलगीवर लावलेली लेव्हल तापलेल्या हलगीला उपयोगाची नाही.

लेव्हलबद्दल एकच. सर्वात जोराची जागा गाऊन घ्या आणि ती मीटरवर उणे १२ च्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा. लाल दिवा लागला की आवाज फुटला, तो नंतर कशानेही सांधता येत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये असेल तर आवाज कमी भरल्याने काही बिघडत नाही.

इंटरफेसवर, म्हणजे आपले लोक ज्याला साउंड कार्ड म्हणतात त्यावर, फार विचार करू नका. दोन माइकच्या जागा, ४८ व्होल्टचं बटण, आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशीर न होता ऐकवणारी थेट मॉनिटरिंगची सोय, एवढं असलं की झालं. फोकसराइट, ऑडियंट, एम-ऑडिओ, बेरिंजर, कुठलाही चालेल. नऊ ते अठरा हजारांत दोन चॅनेलचा मिळतो. आजच्या स्वस्त इंटरफेसमध्येही घरच्या खोलीपेक्षा कमी खरखर असते.

हेडफोन बंद पाठीचे घ्या, नाहीतर कानातला ठेका गळ्याच्या माइकमध्ये उतरतो. चार-पाच हजारांत बरे मिळतात. मोठे मॉनिटर स्पीकर मात्र आत्ता घेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत ते खालच्या सुरांबद्दल धडधडीत खोटं बोलतात. त्याऐवजी झालेलं गाणं पाच ठिकाणी ऐका: मोबाइलवर, गाडीत, बहिणीच्या स्वस्तातल्या ब्लूटूथवर, चहाच्या टपरीवर आणि ट्रॅक्टरच्या टेपवर. हसू नका. हळदीचं किंवा यात्रेचं गाणं करत असाल तर ते शेवटी तिथेच वाजणार आहे, आणि तिथे शब्द कळले नाहीत तर मिक्सिंग फसलं म्हणायचं.

कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम असावी, आठवर निभतं. एसएसडी हवीच. एका माइकचं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी खातं, तेव्हा जागेची चिंता गाण्याला नाही, टेक न पुसणाऱ्यांना असते. सॉफ्टवेअरला सुरुवातीला ऑडॅसिटी फुकट आहे. पुढे जायचं तर रीपर साठ दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरचा. चोरीचं सॉफ्टवेअर घेऊन व्हायरसने आठ महिन्यांचं काम गमावलेला माणूस मला माहीत आहे. तो रोज आरशात दिसतो.

विजेचं बघा. रेकॉर्डिंगमध्ये सतत 'हूं' असा बारीक आवाज येत असेल तर माइकला दोष द्यायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर घराच्या अर्थिंगमध्ये गडबड आहे. जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं तर आवाजाबरोबर जीवही वाचतो. ते होईपर्यंत बॅटरीवर रेकॉर्ड करा.

जुना माल घ्यायला हरकत नाही, इंटरफेस तर जुनाच बरा पडतो. जाताना स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा कंडेन्सर माइक आणि हेडफोन न्या. ४८ व्होल्टचं बटण दाबून माइक जिवंत होतो का बघा, सगळी बटणं फिरवताना खरखर येते का ऐका, यूएसबीची वायर हलवून बघा. 'घरी चालू होता' हे वाक्य ऐकलं की उठा.

हिशेब करू. खोलीला सहा हजार, इंटरफेस बारा, डायनॅमिक माइक दहा, हेडफोन साडेचार, स्टँड-केबल-पॉप फिल्टर मिळून तीन. साडेपस्तीस झाले. उरलेले साडेचार हजार लगेच खर्चू नका. पहिली पाच गाणी झाल्यावर काय अडतंय ते कळतं, त्यासाठी ते ठेवा. कंडेन्सर पुढच्या वर्षी.

शेवटचं सांगलीकरांसाठी, आणि कृष्णाकाठच्या सगळ्यांसाठीच. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागात कितीतरी तळमजल्यांत पेट्या, तबले, कॅसेटी, वह्या भिजल्या. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. म्हणून स्टुडिओ वरच्या मजल्यावर करा. तो नसेल तर सगळं सामान एका कडक बॅगेत मावेल इतकंच ठेवा, म्हणजे इशारा आला की खांद्याला मारून निघता येतं. बॅगेत सिलिका जेलच्या चार पुड्या असू द्या, माइकला ओल चालत नाही. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत घराबाहेर ठेवा. माझी साताऱ्याला मावशीकडे असते, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली.